अपघातग्रस्त स्पोर्ट्स कार : पत्रा, फायबर आणि दाव्याचा हिशेब

कर्ज काढून हौसेने घेतलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार एका रात्री द्रुतगती मार्गावर पुढील वाहनावर आदळते. चालक सुखरूप बचावतो. गाडीचे बॉनेट मात्र दुमडलेले, दोन्ही फेंडर चेपलेले, बंपरचे तुकडे झालेले आणि एअरबॅग फुटून बाहेर आलेल्या असतात. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेचे अंदाजपत्रक हाती पडताच गाडीमालकाचा चेहरा उतरतो. अशा वेळी एखादा जाणकार मित्र हमखास सुचवितो की, हुबेहूब तसेच फायबरचे बॉनेट बाहेर निम्म्याहून कमी किमतीत मिळते, मग इतका खर्च कशासाठी? हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नसतो. परंतु तो पूर्णही नसतो. गाडीत गाडीमालकाखेरीज विमा कंपनीचे आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे हितसंबंधही गुंतलेले असल्याने या प्रश्नाचा थोडा तपशिलाने विचार करणे इष्ट ठरेल.

आधी सांगाडा, मग अंग

दुरुस्तीचा क्रम चुकला की पुढचा सारा खर्च वाया जातो. बॉनेट, फेंडर, बंपर हे गाडीचे केवळ अंगावरचे कपडे होत. त्यांच्या आत असलेला सांगाडा, पुढील आडवा दांडा आणि चाकांच्या जोडण्या ही खरी हाडे. धडकेत सांगाडा काही मिलीमीटर जरी सरकला, तरी अस्सल भागही नीट बसत नाही. बॉनेट आणि फेंडर यांमधील फट एका बाजूला बोटभर तर दुसऱ्या बाजूला नखभर राहते. अशा वेळी दोष पर्यायी भागावर टाकला जातो, वास्तविक तो सांगाड्याचा असतो. म्हणून गाडी मापन बाकावर चढवून उत्पादकाने दिलेल्या मापांशी सांगाडा ताडून पाहणे आणि तो ओढून सरळ करणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर सर्व भाग रंग न देता तात्पुरते बसवून फटी जुळवून पाहाव्यात आणि मगच ते रंगकामासाठी उतरवावेत. रंग दिल्यावर फेंडर तासत बसणाऱ्या कारागिराकडे गाडी देण्यात शहाणपण नाही.

फायबरचे गुणदोष

फायबरचे अंग म्हणजे हलक्या प्रतीचे अंग, हा समज खरा नाही. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट ही विख्यात स्पोर्ट्स कार १९५३ साली बाजारात आली तीच मुळी काचतंतूच्या अंगाने. त्या वर्षी तिच्या ३०० गाड्या तयार झाल्या. इंग्लंडच्या लोटस कंपनीनेही हेच द्रव्य वापरून नाव मिळविले. आपल्याकडे गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन आसनी गाडीही फायबरच्या अंगाचीच होती. थोड्या संख्येत गाड्या काढावयाच्या असतील तर पत्रा दाबण्याच्या महागड्या डायपेक्षा काचतंतू आणि राळ यांचा साचा पुष्कळ स्वस्त पडतो, हे त्यामागील साधे अर्थकारण आहे.

उत्पादकाने मूळ आराखड्यातच योजलेले फायबर आणि बाजारात मिळणारे पर्यायी फायबर यांत मात्र फरक करावयास हवा. पर्यायी भाग पुष्कळदा वापरलेल्या अस्सल भागावरूनच साचा उतरवून घडविले जातात. साहजिकच त्या मूळ भागातील वाकडेपणा, चेप किंवा जुनी दुरुस्ती साच्यात उतरते आणि प्रत्येक नकलेत टिकून राहते. राळ सुकताना किंचित आकसते, त्यामुळे मापात आणखी थोडी तफावत पडते. छिद्रे पाडणे, कडा घासणे, बिजागरीची जागा भक्कम करणे ही कामे दुरुस्तीच्या ठिकाणीच करावी लागतात व त्यांची मजुरी अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही. राळ पुरती मुरण्यापूर्वीच रंग दिला तर उन्हात काही महिन्यांनी तंतूंची वीण रंगातून उमटू लागते. जाणते कारागीर असे भाग काही दिवस उन्हात ठेवून मगच त्यांवर अस्तर चढवितात, ते याच कारणाने.

सुरक्षिततेचा प्रश्न

१९८७ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एक प्रयोग केला. एका फोर्ड एस्कॉर्ट गाडीचे फेंडर, दारांचे बाह्य पत्रे, जाळी असे शोभेचे भाग काढून टाकण्यात आले, पर्यायी बॉनेट बसविण्यात आले आणि गाडी भिंतीवर आदळविण्यात आली. तरीही ती सुरक्षिततेच्या निकषांना उतरली. आतील माणसांचे संरक्षण सांगाडा करतो, बाहेरचा पत्रा नव्हे, हे त्यातून दिसून आले. बॉनेटचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. धडकेत ते ठरावीक जागी दुमडले पाहिजे, समोरच्या काचेतून आत शिरता कामा नये. पातळ फायबरचे बॉनेट मूळच्या कुलुपावरच सोडले तर वेगात वाऱ्याच्या दाबाने उघडण्याचा धोका संभवतो. त्यास पुढे स्वतंत्र खिळी बसविणे श्रेयस्कर. एअरबॅग, सीटबेल्ट आणि आडवा दांडा यांच्या बाबतीत तर काटकसरीचा विचारही मनात आणू नये.

पर्यायी भागांवरून मोठे न्यायालयीन वादही झाले आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ग्राहकांच्या गाड्यांना पर्यायी भाग बसविल्याबद्दल एका विमा कंपनीवर १९९९ मध्ये सुमारे ११८ कोटी डॉलरची भरपाई लादण्यात आली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो निवाडा रद्द केला.

बचत नेमकी कोणाची?

आता हिशेबाकडे वळू. आपल्याकडील सर्वसमावेशक मोटार विम्यात बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर तो ५० टक्के असतो, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के, तर काचेवर काहीच नाही. धातूच्या व इतर भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा वाढतो : पहिल्या सहा महिन्यांत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५, चार वर्षांपर्यंत २५, पाच वर्षांपर्यंत ३५ आणि पुढे दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के भाग सामग्रीचा धरून त्याच्या निम्मी रक्कम वजा होते.

समजा, गाडी अडीच वर्षांची आहे आणि तिचे विमा घोषित मूल्य २१ लाख रुपये आहे. अंदाजपत्रकात धातूचे भाग ४ लाखांचे, प्लास्टिकचे भाग व एअरबॅग ३ लाखांच्या, काच ६० हजारांची, मजुरी १ लाख आणि रंगकाम ८० हजार. एकूण ९ लाख ४० हजार रुपये. यातून धातूवर ६० हजार, प्लास्टिक व एअरबॅगवर दीड लाख आणि रंगसामग्रीवर १० हजार कापले जातील. १५०० सीसीहून मोठ्या इंजिनासाठीची २ हजारांची सक्तीची वजावट धरल्यास मालकाच्या खिशातून २ लाख २२ हजार जातील आणि ७ लाख १८ हजार विमा कंपनी देईल. शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतलेले असेल तर मालकाचा भार पुष्कळच हलका होतो.

याच उदाहरणात अस्सल ॲल्युमिनियमचे बॉनेट १ लाख २० हजारांचे असेल तर त्यावरील मालकाचा हिस्सा १५ टक्के, म्हणजे १८ हजार रुपये. त्याऐवजी ५० हजारांचे फायबरचे बॉनेट घेतले तर ३० टक्क्यांनी १५ हजार. सत्तर हजारांच्या बचतीतील सदुसष्ट हजार विमा कंपनीचे वाचले, मालकाचे अवघे तीन हजार! तेही घासण्या-बसविण्याची जादा मजुरी सर्वेक्षकाने मान्य केली तरच. बंपरचे गणित वेगळे आहे. अस्सल ८० हजारांच्या बंपरवर मालकाचे ४० हजार जातात, तर ३० हजारांच्या पर्यायी प्लास्टिक बंपरवर १५ हजार. येथे बचत खरी आहे. गाडी चार वर्षांपलीकडे गेली की फायबरचा ३० टक्के घसारा धातूच्या घसाऱ्याहून कमी पडतो आणि मित्राचा सल्ला अधिक ग्राह्य ठरू लागतो. विमाच नसेल किंवा दावा करावयाचा नसेल, तर अर्थातच किमतीतील सर्व फरक मालकाचा.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा : बिल अस्सल भागाचे आणि गाडीला बसविलेला भाग पर्यायी. दुरुस्तीनंतर सर्वेक्षक पुनर्तपासणी करू शकतो आणि फसवणूक उघड झाल्यास संपूर्ण दावा नामंजूर होतो.

बँकेचा संबंध

कर्जाऊ गाडी बँकेकडे नजरगहाण असते व विमापत्रावर तशी नोंद असते. दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास, म्हणजे वरील उदाहरणात १५ लाख ७५ हजारांपलीकडे गेल्यास, गाडी पूर्ण नुकसानग्रस्त मानली जाते. मग भरपाईतून आधी बँकेचे येणे फिटते; कर्जबाकी त्याहून जास्त असेल तर उरलेली रक्कम ऋणकोनेच भरावयाची असते. गाडी दुरुस्तीला असली तरी मासिक हप्ता थांबत नाही, याचाही अनेकांना विसर पडतो.

मूळ आकाराचाच पर्यायी भाग बसविणे म्हणजे गाडीत फेरबदल करणे नव्हे. रुंद फेंडरचा संच बसवून गाडीचे रूपच पालटणे ही गोष्ट मात्र वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील व उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही भूमिका स्पष्ट केली आहे. रंग बदलल्यास त्याचीही नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते.

पुढे गाडी विकताना जाणता ग्राहक खिशातून लोहचुंबक काढतो. पोलादी फेंडरच्या जागी तो चिकटला नाही की भावाची घासाघीस सुरू होते. बॉनेट मूळचेच ॲल्युमिनियमचे असेल तर तेथेही चुंबक चिकटणार नाही, हे त्यास समजावून सांगावे लागते. आणि त्या वेळी दुरुस्तीची बिले, सर्वेक्षकाचा अहवाल व सांगाड्याच्या मापांचा तक्ता एका धारिकेत जपून ठेवलेला असेल तर संभाषण लवकर आटोपते.