शब्द शेवटापर्यंत जाऊ दे

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव,
जि. गोंदिया

चि. सोनूस,

तुझं पत्र मिळालं. पहिलीच नेमणूक आणि हाती चौथीचं इंग्रजी, हे वाचून फार बरं वाटलं. ‘वॉक्ड’ शिकवू की ‘वॉकेड’, असं तू विचारलं आहेस. दोन्ही नको. ‘वॉक्ट’ शिकव. शेवटी हलकासा ट, आणि त्याच्या आधी कुठलाही स्वर नाही.

भूतकाळाचा ई-डी लिहिताना एकच असतो, पण बोलताना त्याचे तीन आवाज होतात. फळ्यावर नियम लिहून देण्याआधी मुलांना मिरचीचं काम इंग्रजीत सांगायला लाव. आपल्या केशोरीच्या पोरांना ते वेगळं समजावावं लागत नाही. मिरची तोडली: पिक्ट. पोत्यात भरली: पॅक्ट. वाळवली: ड्राइड. वजन केलं: वेड. निवडली: सॉर्टिड. गाडीत चढवली: लोडिड. मूळ शब्द क, प, स, श, च, फ अशा घोष नसलेल्या आवाजावर संपला की ट. ग, ब, म, न, ल असा घोष आवाज किंवा स्वर शेवटी असला की ड. आणि मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये ‘इ’ येतो. ‘इड’ एवढ्याच ठिकाणी, बाकी कुठे नाही. घोष आहे की नाही हे मुलांना गळ्याला बोट लावून कळतं. स म्हणताना गळा शांत राहतो, म म्हणताना थरथरतो.

हे आपल्या जिभेला परकं नाही. ‘एकदा’ भरभर म्हणून बघ, ‘एग्दा’ होतं. ‘सांगतो’ म्हण, ‘सांक्तो’ होतं. शेजारी बसलेले दोन आवाज एकमेकांसारखे होऊ पाहतात. मराठीत इथे नंतरचा आवाज आधीच्याला आपल्यासारखा करतो. इंग्रजीच्या ई-डीत आधीचा आवाज नंतरच्याला ओढतो. दिशा तेवढी उलट. म्हणून ‘आपल्या मुलांना हे जमणार नाही’ असं कुणी म्हणालं तर मानू नकोस.

‘वॉकेड’ म्हणणाऱ्या मुलावर हसू तर मुळीच नकोस. ते मूल अक्षरं दिसतात तशी वाचतं आहे, आणि एके काळी इंग्रज लोकही तो ‘ए’ उच्चारत होते. पुढे तो बोलण्यातून गळाला, लिहिण्यात राहिला. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७१२ साली, लोक हा स्वर खाऊन टाकतात, अशी जाहीर तक्रार केली होती. तक्रार वाया गेली. जुन्या उच्चाराच्या खुणा मात्र काही विशेषणांत टिकल्या: विकिड, नेकिड, आणि कोर्टात वकील एकमेकांना म्हणतात ते ‘लर्निड’.

एस्‌चंही असंच. अनेकवचनातल्या बुक्स, कॅट्स यांत स. पण डॉग्ज, बॅग्ज, गर्ल्ज यांत ज, आणि बस, बॉक्स यांच्यापुढे ‘इज’. हा ज ‘जीव’मधला नव्हे, ‘आज’मधला. त्याहून थोडा मऊ, घासत जाणारा. याउलट व्हिलेज, कॉटेज, मेसेज यांच्या शेवटी ‘जीव’मधलाच ज आहे, फक्त त्याआधी ‘ए’ऐवजी आखूड ‘इ’ म्हणायचा: व्हिलिज, कॉटिज, मेसिज. हे इंग्रजी बोलतानाचं झालं. मराठीत बोलताना ‘कॉलेज’ला ‘कॉलिज’ करायची काही गरज नाही. तो शब्द आपला झाला आहे.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या झाडीबोलीत श नाही, ण नाही, ळ नाही. आपण सेतात जातो, पानी पितो. टी-आय-ओ-एन या शेवटाचा उच्चार ‘शन’ आहे, आणि आपल्याकडचं मूल सहज ‘नेसन’, ‘टेसन’ म्हणतं. काही शिक्षक तिथेच मुलाला गावंढळ ठरवतात. मग ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही, आणि न बोलणाऱ्याचा उच्चार कोण सुधारणार? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला. ज्या बोलीचा कोश होतो, ती बोली चूक कशी असेल? मुलांना स्पष्ट सांग की घरी ‘सेत’ बरोबर आहे, पुस्तकी मराठीत ‘शेत’ आणि इंग्रजीत ‘नेशन’. एका तोंडात तिन्ही मावतात. श शिकवताना ओठ जरा पुढे काढायला लाव आणि जीभ दातांपासून मागे घ्यायला सांग. स आणि श आलटून पालटून म्हणवून घे.

तो श बसला की म्युझिशन, टेक्निशन हेही बसतील. तिथे ‘शियन’ लांबवू नये. ‘क्वेश्चन’मध्ये मात्र टी-आय-ओ-एन असूनही च आहे, कारण त्याच्या आधी एस आहे. टेलिव्हिजन, डिसिजन यांतल्या आवाजाला आपल्याकडे अक्षरच नाही. लांब ‘श्श्श’ म्हणत राहायचं आणि तो न थांबवता गळा थरथरवायचा, की तो आवाज येतो. मुलांना हा खेळ आवडतो.

शेवटाचा परिणाम शब्दाच्या पोटातही होतो. ‘शन’ लागला की आघात त्याच्या अलीकडच्या अवयवावर पडतो: एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इन्फर्मेशनमध्ये ‘मे’वर. ‘इक’ आणि ‘इटी’ यांचंही तेच. फोटोग्राफमध्ये पहिल्या अवयवावर असलेला जोर फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’वर सरकतो. भारतीयांचं इंग्रजी परक्यांना किती समजतं, याचा अभ्यास हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. न समजण्याच्या मोठ्या कारणांत चुकीच्या जागी पडणारा आघात होता. चौथीत हा नियम सांगू नकोस; तू स्वतः नीट बोल, मुलं उचलतील.

आपल्याकडे इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा शिक्षकांवर एकदम ही जबाबदारी पडली. तेव्हा ऐकायला काही नव्हतं, हॉर्न्बींचा ऑक्सफर्ड कोश तेवढा आधाराला होता. इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठीच तो केलेला, म्हणून प्रत्येक शब्दापुढे उच्चार दिलेला. आज तुझ्या फोनवर तोच कोश बोलतो. शंका आली की वर्गासमोरच फोन काढ, शब्द ऐकव, आणि मुलांबरोबर तूही म्हण. त्यात कसला कमीपणा?

साहेबी ढब आणायच्या नादाला मात्र लागू नकोस. आपला ट, आपला ड, आपली लय राहू दे. शेवट तेवढा गिळायचा नाही, कारण काळ आणि वचन तिथेच आहे. ‘आय वॉक’ आणि ‘आय वॉक्ट’ यांत आज आणि काल एवढं अंतर आहे. आपली दुसरी खोड म्हणजे शेवटच्या जोडाक्षराला ‘अ’ लावणं. ‘मित्र’, ‘रक्त’ आपण तसेच म्हणतो, म्हणून ‘टेस्ट’चंही ‘टेस्टअ’ होतं. त्यावर उपाय पुढचा शब्द जोडण्याचा. ‘पिक्ट अप’ असं तोडू नकोस, ‘पिक्-टप’ म्हण. ट पुढच्या स्वराच्या गळ्यात पडतो आणि ऐकूही येतो.

रोज दहा मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत, आणि सुरुवात मागच्या बाकापासून कर. दिवाळीच्या सुट्टीआधी मिरचीची ती वाक्यं मुलांच्या आवाजात फोनवर घेऊन मला पाठव. जे मूल ‘नेसन’ म्हणतं, त्याचाही आवाज त्यात असू दे.

तुझी,
आत्या