शेजारघरचें वायफाय व आपली खिडकी

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं इंटरनेटची स्वतंत्र जोडणी नाहीं. शेजारच्या काकांनीं मोठ्या मनानें त्यास आपल्या वायफायचा परवलीचा शब्द दिला आहे. परंतु रात्रीं पाठ उघडावा, तों तो अर्ध्यावरच थांबे. "काकांचें वायफायच मंद आहे," असें तो म्हणे, आणि त्याचे वडील एक महाग यंत्र घेण्याच्या विचारांत होते. काकांच्या ओटीवर मात्र सर्व सुरळीत चालतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें. मग दोष कोठें होता?

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी होत. त्या मुख्यत्वें २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. उघड्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं त्यांची शक्ति चौथाईवर येते. शिवाय भिंती व पाणी त्यांना शोषून घेतात, आणि पत्रा तर त्यांना आरशाप्रमाणें परत फिरवितो. धातूवरून अशा लहरींचें परावर्तन होतें, हें हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ सालींच दाखविलें होतें. दोन घरांमध्यें दगडी भिंत, पाण्याची टाकी व पत्र्याची पडवी असल्यावर आंतल्या खोलींत काय पोंचणार?

म्हणून प्रथम मोजावें. लहरींची शक्ति डेसिबेलांत दाखविणारें ॲप मोबाइलवर मिळतें. आंकडा उणे असतो; तो शून्याच्या जितका जवळ, तितकें बरें. दहांचा फरक म्हणजे शक्तींत दहापट फरक. आंतल्या खोलींत उणे ८० व खिडकीशीं उणे ६५ आले, तर खिडकीशीं शक्ति सुमारें ३२ पट आहे असें समजावें. एवढा लाभ केवळ मेज हलविल्यानें होतो!

तेवढ्यानें न भागल्यास शेजाऱ्यांस विनंती करावी, कीं राउटर कपाटामागून काढून आपल्या बाजूच्या खिडकीजवळ उंच ठेवावा. भिंती ओलांडावयास २.४ ची पट्टी अधिक बरी. तींतील १, ६ व ११ हे मार्ग परस्परांत मिसळत नाहींत. त्यांपैकीं ज्यावर गर्दी कमी, तो त्यांनीं निवडावा.

यानंतरच रिपीटर घ्यावा. तो आंतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवणें व्यर्थ होय. कारण जें त्यास स्वतःला ऐकूं येतें, तेंच तो पुढें सांगणार. त्याची जागा खिडकींतच. एकाच पट्टींत प्रत्येक गोष्ट दोनदां बोलावी लागल्यानें वेग सुमारें निम्मा होतो, हेंही ध्यानांत असावें. दोन घरांत तारच टाकावयाची झाल्यास कांचतंतूची टाकावी. तांब्याच्या तारेंतून विजेचा आघात घरांत शिरूं शकतो.

शेवटीं एक गोष्ट. ही जोडणी दुसऱ्याची आहे. परवलीचा शब्द मित्रांस वांटूं नये, शेजाऱ्यांच्या कामाच्या वेळीं मोठे चित्रपट उतरवूं नयेत, आणि कंपनीच्या करारांत अशी वांटणी बसते कीं नाहीं, हें त्यांस आधीं पाहूं द्यावें.

त्या विद्यार्थ्यानें मेज खिडकीशीं नेलें व पाठ अखंड चालला. यंत्राचा खर्च वांचला. दुसऱ्या दिवशीं तो काकांकडे जाऊन आपलें बोलणें परत घेऊन आला, याचा आम्हांस अधिक संतोष वाटला.