कोर्टाचा निकाल आणि क्रेडिट अहवाल : नोंद कशी पडताळावी?



शेती खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. कोर्टकचेरी कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या गटातील एक सभासद ठिबकच्या कर्जासाठी बँकेत गेले आणि हात हलवत परत आले. ट्रॅक्टरच्या जुन्या कर्जाचा दावा त्यांनी लोकअदालतीत तडजोड करून मिटवला होता, रक्कमही भरली होती. तरी त्यांच्या क्रेडिट अहवालात 'दावा दाखल' ही नोंद आणि थकबाकी तशीच उभी!

असे का होते? सातबाऱ्यावरचा बोजा आठवा. कर्ज फेडले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, अर्ज द्यावा लागतो. इथेही तसेच आहे. 2005 च्या कायद्याखाली सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या ही माहिती ठेवतात. निकाल लागला हे कोर्ट त्यांना कळवत नाही. बँक कळवील तेच तिथे चढते. बँक विसरली की नोंद राहिली.

तेव्हा सभासदांनी पुढील क्रमाने जावे.

1) अहवाल मागवा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खाते क्रमांक, बाकी व दाव्याची नोंद पाहा. तोडणी-वाहतुकीच्या कर्जाला कोणाला जामीन राहिला असाल तर तेही खाते तपासा.

2) कोर्टाची कागदे काढा. निकालाची किंवा लोकअदालतीच्या निवाड्याची प्रमाणित नक्कल घ्या. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टाबाहेर भरली असेल तर ती कोर्टात नोंदवून घ्या. त्यासाठी भरणा केल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा. न नोंदलेला भरणा वसुलीच्या वेळी कोर्ट जमेस धरत नाही. पावती जपून ठेवा.

3) बँकेचा बेबाकी दाखला घ्या. नक्कल, दाखला आणि अहवाल यांतील नाव, खाते क्रमांक व रकमा जुळवून पाहा.

4) तक्रार लेखी द्या. बँकेकडे किंवा कंपनीकडे, कागदांच्या प्रती जोडून. पोच घ्यायला विसरू नका. कंपनी स्वतः खोडाखोड करत नाही. बँकेला विचारते, आणि बँकेने मान्य केले तरच नोंद बदलते. म्हणून बँकेचा पाठपुरावा सोडू नये.

तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एप्रिल 2024 पासून त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. चुकीची नोंद दुरुस्त होते, खरी नोंद पुसता येत नाही. हप्ते थकले होते हे खरे असेल तर तो इतिहास काही काळ दिसणारच. तडजोडीत रक्कम सोडून घेतली असेल तर 'सेटल्ड' असा शेराही राहतो. पूर्ण फेडीसारखा तो धरला जात नाही. 'सिबिल साफ करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये.

आमचे ते सभासद आता नक्कल आणि दाखला घेऊन तक्रार देऊन आले आहेत. हेच काम रक्कम भरली त्याच महिन्यात झाले असते तर ठिबक लागणीआधी शेतात आले असते. कोणाला अर्ज लिहिण्याची अडचण असेल तर कागद घेऊन गट कार्यालयात यावे, आम्ही बसून लिहून देऊ.