आमचा अर्ज

(आपल्या वस्तीतील घाण आपण रोज पाहतो, नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो. 'आपण लहान आहोत, आपले कोण ऐकणार?' असे म्हणून गप्प बसतो. एका उर्दू शाळेतील नववीच्या वर्गाने असे गप्प बसायचे नाही, असे ठरवले. त्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेने सांगितलेली ही हकीकत आहे.)

फेब्रुवारी महिना होता. नववीच्या वर्गात मी अर्जलेखन शिकवत होते. फळ्यावर 'प्रति', 'विषय', 'महोदय' हे शब्द लिहिले आणि म्हटले, "पुस्तके मागवण्यासाठी पुस्तकविक्रेत्याला पत्र लिहा." पण वर्गाचे लक्ष नव्हते. खिडकीतून नाल्याची दुर्गंधी येत होती. शेवटच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ती चाचरत म्हणाली, "टीचर, पुस्तके तर आमच्याजवळ आहेत. नाल्याविषयी अर्ज लिहू का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मागच्या पावसाळ्यात याच नाल्याचे पाणी आमच्या तळमजल्यावरील वर्गांत शिरले होते. तीन दिवस शाळा बंद होती. त्या मुलीचे घर तर नाल्याच्या काठावरच होते. घाण पाणी नळाच्या पाण्यात मिसळले आणि तिच्या धाकट्या भावाला कावीळ झाली. त्याची देखभाल करण्यात तिची चाचणी परीक्षा बुडाली होती.

मी फळा पुसला आणि म्हटले, "ठीक आहे. आज सर्वांनी नाल्याविषयी अर्ज लिहा. 'अर्ज' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो तुमच्या उर्दूतही आहे. तक्रार, मुदत, हजर, जबाबदार हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. मग घाबरता कशाला?"

मुलांनी अर्ज लिहिले. कोणी 'आम्हांला त्रास होतो' याऐवजी 'त्रास होते' असे लिहिले, कोणी वेलांटी चुकवली. पण मजकूर सर्वांचा एकच होता : 'नाला फार घाण आहे. कृपा करून साफ करा.' त्यांतला एक अर्ज निवडून चार विद्यार्थ्यांसह मी नगरपालिकेच्या कार्यालयात गेले.

साहेबांनी अर्ज वाचला. ते म्हणाले, "बाई, असे अर्ज रोज येतात. कोणता नाला? कोठून कोठपर्यंत? त्यात कचरा कसला आहे? तो टाकतो कोण? आणि तुम्हांला आमच्याकडून नेमके काय हवे आहे?"

मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. परत येताना ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टीचर, साहेब रागावले, पण त्यांचे प्रश्न चुकीचे नव्हते."

दुसऱ्या दिवशी वर्गाने गट पाडले. एका गटाने नाल्याचा नकाशा काढला. दुसऱ्या गटाने सहा दिवस सकाळ-संध्याकाळ पुलावर उभे राहून कचरा कोण टाकतो व कसला टाकतो, याची वहीत नोंद केली. तिसऱ्या गटाने घरोघरी जाऊन बायकांना विचारले, "खाला, तुम्ही कचरा कोठे टाकता?" सर्व नोंदी मराठीत लिहायच्या, अशी माझी अट होती.

नोंदी वाचताना वर्गात शांतता पसरली. नाल्यात सर्वांत जास्त काय होते? पातळ पिशव्या आणि चहाचे प्लॅस्टिकचे कप. ते टाकणारे कोणी परके नव्हते. ती आमचीच घरे होती, आमचीच दुकाने होती. आमच्या शाळेची पोरेही चिक्कीचे कागद पुलावरूनच खाली टाकत होती.

एका मुलाने संध्याकाळची नोंद कोरी ठेवली होती. मी कारण विचारले तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला. पुलाजवळची चहाची टपरी त्याच्या वडिलांची होती. रोज रात्री टपरी बंद करताना दिवसभराचे कप ते नाल्यात लोटून देत. मी त्याला काही बोलले नाही. वडिलांविरुद्ध बोलणे सोपे नसते.

दोन दिवसांनी तो स्वतःच माझ्याकडे आला. "टीचर, मी अब्बांशी बोललो," तो म्हणाला. "आधी ते फार रागावले. 'तुला शाळेत हेच शिकवतात का?' म्हणाले. नंतर रात्री जेवताना स्वतःहून म्हणाले, 'कप टाकू कोठे? कचऱ्याची गाडी आपल्या गल्लीत कधी आली आहे का?'"

या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. घरोघरच्या नोंदींतही तेच लिहिलेले होते. गल्ल्या अरुंद असल्यामुळे कचरागाडी मोठ्या रस्त्यावरच थांबत होती, आणि तीही दुपारी. त्या वेळी पुरुष कामावर असत, मुले शाळेत असत आणि घरी म्हातारी माणसे असत. त्यांना नाला जवळ होता, गाडी दूर होती. म्हणजे दोष काही आमचा होता आणि काही व्यवस्थेचा. दोन्ही गोष्टी खरेपणाने लिहिल्या, तरच अर्जाला वजन येणार होते.

त्या दिवशी मी मुलांना मुंबईच्या मिठी नदीची गोष्ट सांगितली. ही नदी विहार आणि पवई तलावांच्या बाजूने निघते आणि कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर वस्त्या आणि कारखाने वाढले, पात्र अरुंद झाले, पात्रात कचरा साचला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याला वाट मिळेना. शेकडो माणसे प्राणाला मुकली. पाऊस आपल्या हातात नसतो, पण पाण्याची वाट मोकळी ठेवणे आपल्या हातात असते. पुढे महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे कप, पेले, चमचे अशा वस्तूंवर बंदी आली. तरीही ते कप आमच्या नाल्यात होतेच. नुसत्या कायद्याने नाला साफ होत नाही.

"पण टीचर, मोठी माणसे मुलांचे ऐकतात का?" एकाने विचारले.

मी म्हटले, "कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. १९९२ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जगभरच्या देशांची पृथ्वी परिषद भरली होती. कॅनडातील सेव्हर्न सुझुकी ही बारा वर्षांची मुलगी तेथे बोलली. तिने व तिच्या मैत्रिणींनी प्रवासाचे पैसे स्वतः जमवले होते. मोठमोठ्या देशांचे प्रतिनिधी तिचे भाषण स्तब्ध होऊन ऐकत होते. आपल्या देशात उत्तराखंडच्या रिधिमा पांडे या मुलीने २०१७ साली, अवघ्या नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे याचिका केली. हवामान बदल रोखण्यासाठी सरकारने अधिक काम करावे, अशी तिची मागणी होती. २०१९ साली तिची याचिका फेटाळली गेली. पण ती थांबली नाही. त्याच वर्षी आणखी पंधरा मुलांबरोबर तिने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे दाद मागितली. आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नद्या, सरोवरे, वने यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. तेथे वयाची अट घातलेली नाही."

मग वर्गाने मिळून नवा अर्ज लिहिला. तो असा होता :

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
नगरपालिका.

विषय : शाळेजवळील नाल्याची सफाई व कचरागाडीची वेळ यांबाबत.

महोदय,
आम्ही नाल्याकाठच्या वस्तीत राहणारे नववीचे विद्यार्थी आहोत. शाळेची मागची भिंत ते पूल या भागात नाला कचऱ्याने तुंबला आहे. नकाशा सोबत जोडला आहे. आम्ही सहा दिवस पाहणी केली. नाल्यातील बराच कचरा आमच्याच वस्तीतून जातो, हे आम्हांला मान्य आहे. कचरागाडी दुपारी येते व मोठ्या रस्त्यावरच थांबते, हे त्याचे एक कारण आहे. म्हणून आमची विनंती आहे की,
१. कचरागाडी रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी पुलाजवळ थांबावी.
२. नाल्यातील गाळ पावसाळ्यापूर्वी काढावा.
आमच्या बाजूने आम्ही ओला व सुका कचरा वेगळा करू, म्हाताऱ्या माणसांच्या घरचा कचरा गाडीपर्यंत नेऊ आणि पुलावरून कोणी काही टाकू नये म्हणून समजावून सांगू.
कळावे.
आपले नम्र,
इयत्ता नववीचे विद्यार्थी

या वेळी त्या मुलीनेच साहेबांसमोर अर्ज वाचून दाखवला. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. 'हे आम्हांला मान्य आहे' या वाक्यावर साहेबांनी मान वर केली. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "हे तुम्ही स्वतः लिहिलेत?"

"होय साहेब. शुद्धलेखन टीचरनी तपासले. बाकी सगळे आमचे आहे."

साहेबांनी अर्जावर सही केली. कारकुनाने आवक क्रमांक घालून शिक्का मारला व पोच दिली. ती पोच मुलांनी वर्गाच्या फळ्याशेजारी लावून ठेवली.

पंधरा दिवसांत कचरागाडी सकाळी पुलाजवळ थांबू लागली. टपरीवर प्लॅस्टिकच्या कपांऐवजी काचेचे ग्लास आले. "धुण्याचे काम वाढले, पण रोजच्या कपांचा खर्च वाचला," असे त्या मुलाचे वडील सांगत. मे महिन्यात नाल्यातील गाळ काढला गेला. मात्र तो काठावरच टाकून माणसे निघून गेली. पाऊस आला असता, तर सगळा गाळ पुन्हा नाल्यात गेला असता. सुट्टी असूनही मुले जमली. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घालून त्यांनी दुसरा अर्ज दिला. अर्धा गाळ उचलला गेला. अर्धा तसाच राहिला.

जुलैत जोराचा पाऊस झाला. पाणी शाळेच्या पहिल्या पायरीपर्यंत आले आणि तेथेच थांबले. वर्ग कोरडे राहिले. मुलांना आनंद झाला. पण काठावरच्या चार घरांत पाणी शिरलेच. त्यांतले एक घर त्या मुलीचे होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. आता ती दहावीत होती. तिची वही भिजून फुगली होती. मला वाटले, आज ती निराश असेल. तिने वहीचे एक कोरडे पान शोधले, पेन काढले आणि म्हणाली, "टीचर, उरलेल्या गाळाचा तिसरा अर्ज आज लिहायचा ना?"

या वेळी वर्गात कोणी हसले नाही. सर्वांनी वह्या उघडल्या.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट
दुर्गंधी – घाण वास, बदबू
चाचरत – अडखळत, घाबरत बोलणे
नोंद – पाहिलेली गोष्ट लिहून ठेवणे
तुंबणे – वाट अडल्यामुळे पाणी साचणे
गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेला चिखल, कीचड
पोच – अर्ज मिळाल्याचा पुरावा, रसीद
प्राणाला मुकणे – मरण पावणे
डोळे उघडणे – खरी गोष्ट लक्षात येणे
दाद मागणे – न्याय मागणे, फरियाद करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीच्या भावाला कोणता आजार झाला?
(आ) वर्गाने किती दिवस पाहणी केली?
(इ) मिठी नदी कोठे जाऊन मिळते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिला अर्ज ऐकला का गेला नाही?
(आ) एका मुलाने संध्याकाळची नोंद कोरी का ठेवली?
(इ) 'हे आम्हांला मान्य आहे' हे वाक्य मुलांनी अर्जात का लिहिले असेल?

३. वाक्यात उपयोग करा.
डोळे उघडणे, दाद मागणे, मान खाली घालणे

४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.

५. आपल्या वस्तीतील एका गैरसोयीची तीन दिवस पाहणी करा. तिची कारणे व उपाय लिहा. मग संबंधित अधिकाऱ्यांना मराठीत अर्ज लिहा. 'आमच्या बाजूने आम्ही काय करू' हे लिहिण्यास विसरू नका.