*पिवळी चेक लाईट लागली? ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताना*



आज पिकाचा नाही, चाकण-मोशी मार्केटला माल नेणाऱ्या गाडीचा सल्ला. हा फक्त पेट्रोल/सीएनजी छोट्या टेम्पोसाठी आहे. डिझेल पिकअपचे सेन्सर वेगळे, ते गॅरेजलाच न्या. गाडी वॉरंटीत असेल तरी हात लावू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या पाइपवर बहुधा दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिनजवळचा पहिला इंधन किती सोडायचं ते ठरवायला मदत करतो. तो बिघडला की ॲव्हरेज पडतं, नळीत काळी काजळी धरते. तसंच चालवत राहिलात तर कन्व्हर्टर जळतो, आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग! दुसरा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो.

*आधी स्कॅनर लावून कोड बघा.* पी ०१३५ म्हणजे पहिल्याच्या हीटरचं सर्किट, पी ०१४१ म्हणजे दुसऱ्याच्या. पी ०४२० आला तर लगेच सेन्सर घेऊ नका, दोष कन्व्हर्टरचा किंवा पाइपच्या गळतीचाही असतो. आणि वायर नीट तपासा. गाडी गोठ्याजवळ, कांदाचाळीजवळ उभी असते, उंदीर वायर कुरतडतात. तेवढी जोडली की काम झालं, नवीन सेन्सरचे पैसे वाचले.

*बदलायचाच असेल तर:* इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा. आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. पाना बहुतेक २२ नंबरचा लागतो. जुना फेकायचाच आहे, तर वायर कापून रिंग पाना घाला, ओपन पान्याने कोपरे झिजतात आणि मग वेल्डरच शोधावा लागतो. मात्र कापण्याआधी नवीन सेन्सरचं सॉकेट गाडीला बसतंय का ते बघा.

नवीन सेन्सर आधी हातानेच आट्यात बसवा, मग पाना. टोकाला तेल, ग्रीस लागू देऊ नका. जवळपास सिलिकॉनचा गॅस्केट पेस्टही नको, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. वायर गरम पाइपला टेकणार नाही अशी बांधा.

शेवटी स्कॅनरवर कोड पुसा. पीयूसी काढायची असेल तर आधी दोन-तीन दिवस गाडी चालवा, लाईट परत लागत नाही ना ते बघा.

उद्याचा मेसेज: कांदा रोपवाटिकेतील मर.