गुण कोण मोजतो?

काही खेळांत आपण एखादे पात्र होतो आणि त्याच्या वतीने निर्णय घेतो. ते पात्र चांगले की वाईट, हे खेळाने कसे ठरवायचे?

अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्राची बाजू असे : सुव्यवस्था, अंदाधुंदी किंवा दोन्हींच्या मधली. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याला चांगले-वाईट जोडून नऊ प्रकार दिले होते. ‘नियम पाळणारा, पण दुष्ट’ असाही एक! पण ही झाली नावाची पाटी. पाटी लावल्याने माणूस तसा होतो का?

रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ च्या ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ या संगणकावरील खेळात वेगळी वाट धरली. (‘अवतार’ हा आपलाच शब्द बरं का!) येथे शेवटी मारायला कोणी मोठा राक्षस नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे. सुरुवातीला सात प्रश्न येतात. प्रत्येकात दोन सद्गुण समोरासमोर असतात, त्यामुळे कोणतेच उत्तर चूक नसते. उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते.

पुढे जादूची द्रव्ये विकणारी आंधळी बाई भेटते. ती किंमत सांगते, नाणी तुम्ही मोजायची. कमी दिली तरी माल मिळतो. खेळ मात्र गुपचूप गुण कापतो. किती कापले, तो आकडा दिसत नाही. राजवाड्यातला द्रष्टा विचारल्यावर फक्त अंदाज देतो.

मराठीत ‘गुण’ म्हणजे सद्गुण, आणि परीक्षेतले मार्कसुद्धा! आकडा सतत समोर असला की आपण मार्कांसाठी चांगले वागू लागतो. तो लपवला की बाईकडे लक्ष जाते. तरीही एक प्रश्न उरतोच : खेळाने मोजलेच नसते, तर तुम्ही पूर्ण नाणी दिली असती का?

शब्दार्थ : अंगी बाणवणे – सवयीने आपलेसे करणे. द्रष्टा – पुढचे जाणणारा. अंदाधुंदी – गोंधळ, बेबंदपणा.

स्वाध्याय
१. ‘गुण’ शब्दाचे दोन्ही अर्थ दाखवणारी दोन वाक्ये लिहा.
२. मैत्रिणीने गुपित सांगितले. तिची आई तेच विचारते. खरे सांगाल की शब्द पाळाल? कारण लिहा.
३. दोन सद्गुणांची टक्कर होईल असा एक प्रश्न स्वतः तयार करा.

पालकांना विनंती : उत्तर सुचवू नये. फक्त “का?” एवढेच विचारावे, तेही मराठीत!