गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा : निवड कशी करावी?

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील शिक्रापूर हे आता मोटारधंद्याच्या पट्ट्यातले गाव झाले आहे. एका बाजूला सणसवाडी, पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि गावातून फुटणारा चाकणचा रस्ता. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने २००९ साली सुरू झाले. या पट्ट्यात जागोजागी गॅरेज, टायरची व स्पेअर पार्टची दुकाने उभी राहिली आणि त्यांत आपल्या समाजातील अनेक कारागीर व दुकानदार आहेत.

अशा दुकानांत तरुण गिऱ्हाईक हमखास एक मागणी घेऊन येते : "गाडी खाली बसवून द्या." चाक आणि मडगार्ड यांच्यातील फट कमी झाली की गाडी रुबाबदार दिसते, वळणावर कमी झुकते, हे खरे आहे. पण स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. तिची निवड चुकली तर कंबर गिऱ्हाइकाची मोडते आणि नाव दुकानाचे जाते. म्हणून या मालाचा हिशोब नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

स्प्रिंगेचा कडकपणा कशावर ठरतो?

एक मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो, हा स्प्रिंगेचा कडकपणा. तो तीन गोष्टींवर ठरतो : तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यांत तारेची जाडी सर्वांत महत्त्वाची. १२ मि.मी. ऐवजी १३ मि.मी. तार वापरली, बाकी सर्व तेच ठेवले, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून खरेदीच्या वेळी रंगावर जाऊ नये. व्हर्निअर लावून तार मोजावी, वेढे मोजावेत आणि मूळ स्प्रिंगेशी ताडून पाहावे. काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात. भार वाढला की ते आधी मिटतात आणि मग स्प्रिंग अधिक कडक होते. रोजच्या वापराच्या गाडीला असा प्रकार त्यातल्या त्यात बरा.

मोजायचे ते भरल्या गाडीत

गिऱ्हाईक विचारते, "किती खाली येईल?" कारागिराने विचारायचे ते असे : "भार भरल्यावर चाकाला वर यायला किती जागा उरेल?"

एक उदाहरण घेऊ. समजा, मागच्या प्रत्येक स्प्रिंगेचा कडकपणा २ किलो प्रति मि.मी. आहे. रिकाम्या गाडीत चाक ८० मि.मी. वर आले की आतला रबरी ठोकळा लागतो, आणि जमिनीपासून गाडीचे पोट १७० मि.मी. वर आहे. आता मागे माणसे आणि सामान मिळून २०० किलो बसले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगेवर १०० किलो. मूळ स्प्रिंग ५० मि.मी. दबेल. चाकाला ३० मि.मी. जागा उरेल आणि मागची उंची १२० मि.मी. राहील.

याच गाडीला ३० मि.मी. खाली आणणारी, २५ टक्के अधिक कडक स्प्रिंग बसवली, तर त्याच भाराने ती ४० मि.मी. दबेल. उंची उरेल १०० मि.मी. पण चाकाला जागा उरेल फक्त १० मि.मी. म्हणजे किरकोळ खड्ड्यातही ठोकळा आदळणार. तो दणका शॉक ॲब्सॉर्बर, वरचे माउंटिंग आणि शेवटी गाडीची बॉडी सोसणार.

नियमाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो लांब उताराचा असल्याने चाके त्यावर चढतात आणि पोट वाचते. पण गावोगावी आखूड आणि उभे गतिरोधक भेटतात, त्यांवर पोट घासते. इंजिनखालचा तेलाचा चेंबर फुटला तर स्प्रिंगेच्या किमतीपेक्षा मोठा खर्च पडतो.

कापणे आणि तापवणे नको

स्वस्तात काम करायचे म्हणून काही ठिकाणी मूळ स्प्रिंगेचा वेढा कापतात. सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक कापला तर कडकपणा २० टक्के वाढतो. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग जागेवर सैल होते. गॅसने तापवून बसवणे तर याहून वाईट. पोलाद लाल झाले की त्याला दिलेले पाणी उतरते. अशी स्प्रिंग दिवसेंदिवस बसत जाते आणि एखाद्या दिवशी तुटते. जो गिऱ्हाईक याच कामाचा हट्ट धरील त्याला परत पाठवावे.

माल घेताना

जर्मनीत आयबाख, एच अँड आर यांसारख्या कंपन्यांच्या स्प्रिंगेसोबत तपासणीचे प्रमाणपत्र मिळते. ती कोणत्या मॉडेलसाठी आहे आणि पुढच्या-मागच्या आखावर किती भार चालेल, हे त्यात लिहिलेले असते. आपणही हाच प्रश्न विक्रेत्याला विचारावा. डिझेल आणि पेट्रोल गाडीचे पुढचे वजन सारखे नसते. सीएनजी टाकीचा भार मागे येतो. म्हणून "सगळ्या गाड्यांना चालते" अशा मालापासून दूर राहावे. बिल आणि स्प्रिंगेवरील नंबर जपून ठेवावा.

बसवताना

स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय स्ट्रटचा वरचा नट कधीही खोलू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. एका आखाच्या दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहून लवकर फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा झोत जुळवावा. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला प्लास्टिकची केबल टाय बांधून भरलेली गाडी फिरवून आणावी. टाय कुठवर सरकली त्यावरून चाक किती वर आले ते कळते.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधन घालते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी आणि गिऱ्हाइकाला विमा कंपनीस लेखी कळवायला सांगावे. न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येतो.

पुष्कळदा गिऱ्हाइकाची खरी तक्रार गाडी डोलते ही असते. तेव्हा थकलेले शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या की तक्रार मिटते. दुकानाला मजुरी मिळते, गिऱ्हाईक समाधानाने जाते आणि कायद्याची भीती राहत नाही. वरचा हिशोब कागदावर मांडून गिऱ्हाइकासमोर ठेवला, तर बहुतेक जण हाच मार्ग पत्करतील.